कमानीचा भरवसा

आमच्या घरी खंडेनवमीच्या दिवशी देवघरासमोर पाट मांडून त्यावर घरातील झाडून सारी आयुधे ठेवण्याचा प्रघात आहे. आयुधे म्हणजे काय, तर काकूची विळी, आजीचा अडकित्ता, कापड बेतण्याची मोठी कात्री, आजोबांचा रंधा, मुलांच्या कंपासपेट्या, आणि अलीकडे माझ्या पुतण्याचा लॅपटॉप. या साऱ्यांच्या मधोमध तांबड्या खणावर अण्णांचे पिस्तूल असे. हळदकुंकू वाहून, झेंडूचे फूल ठेवून, पळीने पाणी शिंपडले आणि आरती झाली की अण्णा ते त्याच खणात गुंडाळून कपाटात ठेवून देत. पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्याचे दर्शन कोणास व्हावयाचे नाही. पन्नासांहून अधिक वर्षे हा क्रम चालला. हीच त्या शस्त्राची निगा, अशी आम्हा सर्वांची प्रामाणिक समजूत होती.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात त्यांनी रोखपाल म्हणून सारी नोकरी केली. त्या काळी कामगारांचा पगार रोखीने होत असे आणि ती रोकड नगरच्या बँकेतून जीपने न्यावी लागे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे रीतसर परवाना काढून १९६९ साली अण्णांनी हे पिस्तूल पुण्याहून जुने विकत घेतले. बोअर .३२, म्हणजे ७.६५ मिलिमीटर, बनावट विलायती, आकार असा की कोटाच्या आतल्या खिशात कोणाच्या लक्षातही येऊ नये.

या पिस्तुलाची एक कथा आमच्या घराण्यात प्रसिद्ध होती. १९७३ च्या जानेवारीत, दुष्काळाच्या ऐन कहरात, अण्णा रात्री रोकड घेऊन मनमाडच्या रस्त्याने चालले असता रस्त्यात दगड मांडून तिघाचौघांनी जीप अडविली. अण्णांनी खिशातून पिस्तूल काढले मात्र, आणि दरोडेखोर अंधारात पसार झाले! आम्ही मुले ही कथा इतक्या वेळा ऐकत आलो की त्या रात्रीचा वारा कसा होता हेही आम्हांस पाठ झाले होते. चमत्कार असा की अण्णा स्वतः ती कधीच सांगत नसत; सांगत ती काकू. अण्णा तेवढ्यात उठून अंगणात जात. हा त्यांचा विनय, असे आम्ही समजत होतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी, इतर अनेक परवानाधारकांप्रमाणे, अण्णांनाही पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करण्याची सूचना आली. निवडणूक आटोपली, जूनमध्ये पावती दाखवून त्यांनी ते परत आणले. त्या वेळी योगायोगाने आमच्या वाड्यातील बिऱ्हाडकरू रिसालदारसाहेब ओटीवर बसले होते. आमचे नगर हे चिलखती दलाचे माहेरघर. येथे त्या दलाचे केंद्र व शाळा आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर नगरासच राहिलेली लष्करी मंडळी प्रत्येक आळीत सापडावयाची. रणगाड्याच्या पोटात जागा तोकडी. तेथील जवानास लांब बंदूक सोयीची नाही. त्यामुळे आखूड शस्त्रे सांभाळण्याचे वळण रिसालदारसाहेबांच्या हातास चांगले पडले होते.

ते म्हणाले, “अण्णासाहेब, हे शेवटचे उघडले कधी?”

“उघडले म्हणजे?”

“म्हणजे सोडवून, पुसून, आतल्या कमाना पाहून पुन्हा जोडले कधी?”

अण्णा काही बोलले नाहीत. मग रिसालदारसाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतःच मॅगझिन बाहेर काढले, स्लाईड मागे ओढून नळीत काडतूस नाही याची दोनदा खात्री केली, आणि आम्ही तिघे दिव्याखाली वाकून पाहू लागलो. काडतुसे काढून घेतलेल्या मॅगझिनमधील पाटली अंगठ्याने खाली दाबून सोडली, तर ती चटकन वर यावयाची. पण ती एखाद्या आजाऱ्यासारखी अडखळत, एका अंगावर कलत वर आली. आतील कमानीच्या वेटोळ्यांवर तांबूस पिवळे डाग होते. मी प्रथम ते हळदीचे समजलो. निरखून पाहिले तेव्हा कळले की तो गंज आहे. आणि तो तेथे येण्यास आमची पळीतील पाण्याची शिंपणच मोठ्या अंशी कारण असावी!

मी पेशाने भौतिकशास्त्राचा मास्तर. तीस वर्षे मुलांना कमानीचा नियम शिकविला. रॉबर्ट हूक याने १६७८ साली तो प्रसिद्ध केला. जेवढा जोर, तेवढे ताणणे. जोर काढला की वस्तू मूळ आकारास परत येते. परंतु या नियमास एक मर्यादा आहे, आणि परीक्षेत मुले नेमकी तीच विसरतात. पोलादास त्याच्या लवचिकपणाच्या सीमेपलीकडे दाबले तर ते पुरते परत येत नाही, थोडे आखूडच राहते. तसेच सीमेच्या आत राहूनही हजारो वेळा दाबले-सोडले, तर त्यात शीण साठत जातो आणि एखादे दिवशी बारीकशा चिरेपासून ते तुटते. गंजाचा एखादा खड्डा असला तर ती चीर बहुधा तेथूनच सुरू होते. बॉलपेनातील कमान घेऊन मी हे वर्गात दाखवीत आलो, आणि माझ्याच घरच्या कपाटात काय चालले आहे ते मला ठाऊक नव्हते.

वाचकांपैकी पुष्कळांचा पिस्तुलाशी संबंध यावयाचा नाही. तरी यातील कमानींचे काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढील हकिकत समजेल. मुख्य कमाना तीन. पहिली झटक्याची. बार झाला की स्लाईड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि ही कमान स्लाईडला पुढे आणून नवे काडतूस नळीत सारते. दुसरी मॅगझिनमधील. ती एकेक काडतूस खालून वर उचलून धरते. तिसरी घोड्याची. चाप ओढला की तिच्या जोराने घोडा आपटतो, टाचणी पुढे जाते आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर घाव बसून ती पेट घेते. पहिली दुबळी झाली तर पुंगळ्या फार लांब उडू लागतात, स्लाईड धातूवर धातू आपटावा तशी मागे आदळते, किंवा पुढे येताना अर्ध्यात अडकते. दुसरी दुबळी झाली तर पहिला बार होईल, दुसरे काडतूस वर येणार नाही. तिसरी दुबळी झाली तर टोपीवर नुसता ओरखडा उठेल, आणि बार होणारच नाही.

खिशात बाळगावयाच्या लहान पिस्तुलात ही अडचण अधिक. मोठ्या पिस्तुलाची स्लाईड जड आणि तिचा प्रवास लांब; लहानाची स्लाईड हलकी आणि जागा आखूड. तेवढ्याच आखूड जागेत कमानीने तेच काम करावयाचे, म्हणून तिची तार अधिक कडक ठेवावी लागते आणि प्रत्येक बारास ती आपल्या शक्तीच्या सीमेजवळ जाऊन येते. त्यातून .३२ जातीच्या लहान पिस्तुलांत बारावेळी नळीचे तोंड कुलूपबंद करणारी योजना बहुधा नसते. स्लाईडचे वजन आणि ही कमान या दोहोंवरच सारी भिस्त असते. म्हणून जाणकार सांगतात की मोठ्या पिस्तुलाची झटक्याची कमान साधारणपणे तीन ते पाच हजार बारांनंतर बदलावी, आणि लहानाची त्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही लवकर. नेमका आकडा प्रत्येक कारखान्याच्या पुस्तिकेत असतो, आणि अखेरचा शब्द तिचाच मानावा.

मी हा हिशेब मोठ्या आत्मविश्वासाने मांडला आणि म्हणालो, “अण्णांनी उभ्या जन्मात पन्नासदेखील बार काढले नसतील. म्हणजे कमानी नव्याच म्हणावयाच्या!”

रिसालदारसाहेब हसले. “मास्तर, हा हिशेब रोज चांदमारी करणाऱ्याचा. तुमच्याकडे परवान्यावर काडतुसे मोजून मिळतात, आणि ती खर्चण्यास जागाही नाही. तुम्ही बार मोजू नका, वर्षे मोजा. पलटणीत शस्त्र चालो न चालो, ठरल्या दिवशी ते कारागिराच्या हाताखालून जातेच.”

हे त्यांचे बोलणे माझ्या मनात घर करून राहिले. आपल्याकडील घरगुती शस्त्राची कमान श्रमाने मरत नाही, ती दुर्लक्षाने मरते. तेल एकदा घातले की ते वर्षानुवर्षे तसेच राहते, घट्ट होऊन डिंकासारखे चिकटते. पावसाळ्याची ओल येते. खणाचे कापड ती ओल धरून ठेवते. मॅगझिन भरून ठेवल्याने कमान ढिली पडते काय, हा प्रश्नही मी त्यांना विचारला. चांगल्या पोलादाची, नीट बेतलेली कमान सीमेच्या आत दाबलेली राहिली तर नुसत्या तेवढ्याने फारशी बिघडत नाही, तिला खरा त्रास पुन्हा पुन्हा दाबण्या-सोडण्याचा. मात्र लहान मॅगझिनमध्ये काडतुसे कोंबून बसविलेली असतात. तेथे तार मुळातच सीमेला भिडलेली असते, म्हणून तिच्यावर तेवढा विश्वास टाकू नये. वर्षातून एकदा उघडून पाहावे, नव्या कमानीशी लांबी ताडून पाहावी, आणि शंका आली की बदलावी. कमानीची किंमत ती काय!

श्रावणात मी अण्णांना घेऊन पुण्यास एका परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो. परवाना अण्णांच्या नावाचा, तेव्हा त्यांनी स्वतः जाणे भागच होते. शहाऐंशी वर्षांच्या माणसास तो प्रवास झेपेल की नाही याची मला चिंता होती. कारागीर वयस्क, अबोल. त्याने पिस्तूल सोडवून कापडावर एकेक भाग ओळीने मांडला. घोड्याची कमान चिमट्यात धरून त्याने पाहिली, घोड्याच्या खाचेतील काळा, वाळलेला चिकटा काडीने खरवडून दाखविला, आणि म्हणाला, “हा फार जुना आहे. तुम्ही घेतले तेव्हाही हा आत असणार.”

मग त्याने अण्णांची काडतुसे तपासावयास घेतली. एक, दोन, तीन. चौथे त्याने उजेडाकडे धरले, भिंग लावले, आणि आमच्यापुढे ठेवले. टोपीच्या मधोमध मोहरीच्या दाण्याएवढा, अगदी उथळ असा एक खळगा होता.

“याच्यावर घोडा पडलेला आहे,” तो म्हणाला. “घाव हलका बसला, म्हणून उडाले नाही. असे झाले तर पिस्तूल तसेच निर्धोक दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावयाचे असते. कधी कधी बार उशिरा होतो. आणि असे काडतूस पुन्हा वापरावयाचे नसते. हे कोणी परत आत ठेवले?”

मी अण्णांकडे पाहिले. अण्णा आपल्या हातांकडे पाहत होते.

परतताना घोडनदीस आम्ही चहासाठी थांबलो. नदी ओलांडली की आपला जिल्हा सुरू होतो. अण्णांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मी चाप ओढला होता रे.”

त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच क्रमाने येथे देतो. दगड पाहून जीप थांबली. दोघे-तिघे बाजूस राहिले आणि एकजण दिव्यांच्या झोतात पुढे आला. त्याच्या हातात धोंडा होता. तो सोळा-सतरा वर्षांचा पोर होता. त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या, खडी फोडणाऱ्या माणसांच्या असत तशा. दुष्काळी कामांवर तेव्हा सारा जिल्हाच खडी फोडीत होता. “त्या चिंध्या मी पाहिल्या,” अण्णा म्हणाले, “आणि पाहूनही चाप ओढला. तीन हातांवरून. नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. त्याने तो ऐकला. मीही ऐकला. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मग त्याने धोंडा टाकला आणि पळाला. माझ्या ड्रायव्हरला वाटले, मी नुसता धाक घातला. घरी आल्यावर त्यानेच ती गोष्ट सांगितली, आणि तुझ्या काकूने ती धरून ठेवली.”

मी काहीतरी बोलावयाचे म्हणून म्हणालो, “देवानेच वाचविले म्हणावयाचे, अण्णा. त्यालाही आणि तुम्हांलाही.”

“देवाने नव्हे. वाळलेल्या तेलाने,” अण्णा म्हणाले. “आणि पुढचे ऐक. त्यानंतर मी ते दुरुस्तीस नेले नाही. मुद्दाम नेले नाही. वाटे, नीट झाले तर पुढच्या वेळी उडेल. त्यालाच मी दया समजत होतो. पण त्यानंतरही वीस-बावीस वर्षे मी त्याच पिस्तुलाच्या नावावर रोकड आणली. ड्रायव्हर बिचारा माझ्या खिशाच्या भरवशावर रात्री-अपरात्री गाडी हाकी. त्याला चार मुले होती. मारावयाचे नव्हते तर मी परवाना परत करून ‘बंदोबस्त द्या’ असे कारखान्याला सांगावयास हवे होते. ठेवावयाचे होते तर नीट ठेवावयास हवे होते. मी दोन्ही केले नाही. हळदकुंकू मात्र दरवर्षी वाहिले.”

पुढे सुपे येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. माझ्या मनात प्रथम आले ते असे, की एका दुबळ्या कमानीने एका पोराचा जीव वाचविला, तर मग निगेचे एवढे स्तोम कशास? परंतु ही विचारसरणी पोकळ आहे. त्या रात्री पोराच्या जागी खरोखरीचा दरोडेखोर असता, तर त्याच कमानीने अण्णांचा आणि ड्रायव्हरचा जीव घेतला असता. गंजास कोण अपराधी आणि कोण भुकेला हे कळत नाही. ते कळावयाचे माणसाला, आणि माणसाने ते ठरवावयाचे चाप ओढण्यापूर्वी. शस्त्र निर्दोष असले म्हणजे ही जबाबदारी धारण करणाराची राहते. शस्त्र संशयित असले म्हणजे ती दैवावर ढकलता येते. आम्ही ज्यास दुर्लक्ष म्हणतो ते पुष्कळ वेळा आळसामुळे नसते. एखादा निर्णय घ्यावयाचा नसतो, म्हणून असते.

कायद्यानेही ही दिशा धरलेली दिसते. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदारास शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला आवश्यक केला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. परंतु कायदा शस्त्राचा क्रमांक पाहील, परवान्याची तारीख पाहील. आतील कमान पाहणे हे घरधन्याचेच काम आहे.

कारागिराने विचारले होते, नव्या कमाना बसवू काय? अण्णांनी आठ दिवस मागून घेतले होते. आठव्या दिवशी त्यांनी मला बोलाविले आणि कळविण्यास सांगितले, “बसवू नका.” मी चकित झालो. ते म्हणाले, “रोकड आता बँकेतून परस्पर जमा होते. मला या वयात हे नीट करून घेण्याचे कारण उरले नाही. आणि नीट न करता ठेवण्याची चूक एकदा झाली ती पुरे.” विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी, २०२४ च्या ऑक्टोबरात, त्यांनी पिस्तूल आणि सारी काडतुसे पुन्हा जमा केली, त्या खळगा पडलेल्या काडतुसाबद्दल वेगळे सांगून, आणि त्याबरोबर परवाना रद्द करण्याचा अर्जही दिला. पावती त्यांनी घडी घालून पंचांगात ठेवली.

काकूला ही गोष्ट सांगावयाची की नाही, हा प्रश्न होता. अण्णांनी ती स्वतःच सांगितली, भर माजघरात, सर्वांच्या देखत. काकू बराच वेळ गप्प राहिली. मग एवढेच म्हणाली, “त्या पोराला जेवायला तरी मिळाले असेल का हो पुढे?” आमच्या घरातील ती प्रसिद्ध कथा त्या दिवसापासून कोणी पूर्वीसारखी सांगत नाही.

त्यानंतरच्या खंडेनवमीस पाटावर पिस्तूल नव्हते. काकूने विळी मांडण्यापूर्वी तिचा खिळा घट्ट करून घेतला, आणि मी कात्रीच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडला. पाणी शिंपडून झाल्यावर अण्णांनी कोरडा पंचा मागविला आणि एकेक वस्तू हाती घेऊन स्वतः पुसली. त्यास बराच वेळ लागला, आणि आरती थोडी उशिरा झाली.

माझ्या वाचकांपाशी मागणे एवढेच. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र असेल, त्यांनी ते आधी निर्धोक करून जाणत्या कारागिरास एकदा दाखवावे, आणि त्यानंतर दरवर्षी एक दिवस ठरवून पाहावे. ते ठेवण्याचे कारण संपले असेल, तर तेही त्याच दिवशी ओळखावे. आणि ज्यांच्या घरी शस्त्र नाही, त्यांनीही गॅसची नळी, विहिरीवरचा पंप, म्हाताऱ्यांची औषधे, अशा ज्या ज्या गोष्टींवर आपण न पाहता भरवसा टाकून बसलो आहोत, त्या एकदा उजेडात आणून पाहाव्यात. पूजा करावी, पण आधी पुसावे.